वेशीच्या दाराखालचा दगड

मित्रांनो, मी काळा, खडबडीत दगड आहे आणि माझ्या माथ्यावर मुठीएवढा खळगा आहे. अराम देशात, अर्पादच्या राजाच्या हद्दीत, बेत-झेरा नावाचे तटबंदीचे लहानसे गाव होते. त्या गावाच्या मागच्या वेशीला जाड लाकडी दार होते. त्या दाराचा खुंट माझ्या खळग्यात फिरत असे. दाराचा सगळा भार माझ्यावर होता.

पाथरवटाने आठ दिवस टाकी चालवून मला घडवले. खळग्यातली धूळ फुंकून तो म्हणाला होता, "हा माझ्या पतवंडांनाही पुरेल."

वेशीचा राखणदार होता इद्री. त्याची बायको ताबी दर अमावास्येनंतर माझ्या खळग्यात जैतुनाचे तेल ओतायची. "घे, पी आणि गप्प बस," असे म्हणायची. मी गप्प बसत असे. इद्रीचे दार मांजरीच्या पावलांनी चालते, असे लोक म्हणत. ते ऐकून मला फार बरे वाटे.

मग पूर्वेकडच्या अश्शूर साम्राज्याचे सैन्य आले. त्यांनी गावाला वेढा घातला आणि बाहेरची जैतुनाची झाडे एकूण एक तोडली. तेल संपले, तसा मी कोरडा पडलो आणि दार किंचाळू लागले. गावचे म्हातारे कारभारी झब्दीबाबा हसून म्हणाले, "इद्री, तुझी आई परत आली की काय रे? अगदी तिचाच आवाज!"

वेढ्याच्या तिसऱ्या हिवाळ्यात कोणी हसत नव्हते. धान्य महिन्याभराचे उरले होते. झब्दीबाबांनी ठरवले, की पहाटेच्या धुक्यात बायका-पोरांना मागच्या वेशीने घळीत उतरवायचे आणि डोंगराकडे पाठवायचे. शत्रूची चौकी मात्र हाकेच्या अंतरावर होती. दार किंचाळले असते, तर सगळे तिथेच सापडले असते.

गावात तेल फक्त ताबीकडे होते, एका बोटभर कुपीत. तिची पाच वर्षांची मुलगी तरवा तापाने सुकली होती. भाकरी पोटात ठरत नव्हती, म्हणून ताबी तिच्या जिभेवर तेलाचे बोट लावायची.

"नाही," ताबी म्हणाली. "ते तिचं आहे."

"तिच्यासाठीच मागतोय ना," इद्री म्हणाला.

"दगडाला पाजू? आणि हिला काय देऊ, खडे?"

तरवाने मान उचलली. "आई, दगडालापण ताप आलाय?"

"हो गं बाई. बघ ना, कसा ओरडतो."

"मग दे त्याला."

ताबीने कुपी माझ्यात उपडी केली. तिचे बोट आत फिरले. दार उघडले आणि साधी कुरकुरसुद्धा झाली नाही. चाळीस जीव धुक्यात उतरले. मित्रांनो, इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

धुके विरले, तेव्हा ते चाळीसही जण दोरीला बांधलेले वेशीसमोर उभे होते. घळीत आधीच सैनिक दडलेले होते. त्यांचा दुभाषी दाराच्या फटीला तोंड लावून हळू आवाजात म्हणाला, "उघड. नाहीतर धाकट्यांपासून सुरुवात करतो."

आत इद्री एकटाच होता. झब्दीबाबा आणि उरलेले पुरुष पुढच्या तटावर होते.

"बाबा," तरवाचा आवाज आला, "दोरी टोचतेय."

इद्रीने अडसर काढला.

दार पुन्हा तसेच, आवाज न करता फिरले. सैनिक गल्लीत शिरले तरी तटावर कोणाला चाहूल लागली नाही. मी किंचाळायला हवे होते. त्या किंचाळीने निदान झब्दीबाबा मागे वळले असते. पण माझ्या तोंडात तेल होते.

इद्रीला त्यांनी माझ्याजवळच मारले. दुपारपर्यंत दार जळून माझ्यावर कोसळले. वाचलेल्यांना पूर्वेकडे हाकलत नेले. ताबी तरवाला खांद्यावर घेऊन माझ्या समोरून गेली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पोरीची मान खाली लोंबत होती. ती झोपली होती की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.

किती वर्षे गेली, सांगता येत नाही. एकदा पूर्वेकडून दोन व्यापारी आले आणि सावलीला टेकले. ते बोलू लागले आणि मी दचकलो. ती आमची भाषा होती, ताबीची! हाकलून नेलेल्या माणसांनी ती जाईल तिथे नेली होती आणि आता परकेही ती बोलत होते.

"हे कोणाचं गाव रे?" एकाने विचारले.

"कोण जाणे," दुसरा म्हणाला. त्याने माझ्या खळग्यात साचलेले पाणी गाढवाला पाजले आणि ते पुढे गेले.

मित्रांनो, मी दारासाठी घडवलेला दगड आहे, म्हणून दाराबद्दलच मागतो. कोणाचे दार जबरीने उघडू नका. कोणालाही त्याच्या दारातून हाकलू नका. माझे कोणी ऐकेल, असे मला वाटत नाही. त्यानंतर या वाटेने तीन सैन्ये गेली. प्रत्येकाने जाताना माझ्या कडेवर घासून आपल्या तलवारींना धार लावली.