दुसरी झाडणी

मी एक जुनी जाळरेषा आहे. साक्रीकडच्या एका डोंगरावरची, सहा मीटर रुंद. माझ्या खालच्या अंगाला साग दोनशे बारा, अंजन सदतीस, मोह चौदा. वरच्या अंगाला अंजनाच्या रोपांचे रोपवन. मी मात्र नुसती उघडी जमीन. मित्रांनो, खालून वणवा आला तर त्याला माझ्यावर खायला काही मिळू नये, एवढेच माझे काम.

पूर्वी पौषात गवत वाळले की गावकरी माझ्या कडा कापत आणि मधले गवत जाळत. पण काम तिथे संपत नसे. पुढे सागाची पाने गळत, ती पुन्हा झाडावी लागत. एका उन्हाळ्यात खालून आलेली आग माझ्या काठाशी उपाशी विझली. तेव्हा लोकांनी माझ्यावर नारळ फोडला होता.

मग गाव ऊसतोडीला जाऊ लागले. यंदा दिवाळी सरताच वनसमितीचा लीलाधर चार गावकऱ्यांसोबत काडेपेटी घेऊन आला. रोपवनाची राखण करणारी कलाबाई त्याच्यावर उखडली.

"गवत आजून हिरवं शे रे भाऊ! जळई का हाई?"

"जेवढं जळई तेवढं जळई, अक्का. मुकादमनी गाडी परवा शे."

"आनि पाने गळतीन तव्हय कोन झाडी?"

"तू शे ना! तुना झाडूले कोठे सुट्टी शे?"

सगळे हसले, कलाबाईसुद्धा. मी अर्धवट जळले आणि गाव निघून गेले.

माघात पाने पडू लागली. कलाबाई सकाळी झाडायची, दुपारच्या वाऱ्याने मी पुन्हा झाकली जायची. वनरक्षक पंडित यायचा, तासभर झाडायचा. पण त्याच्याकडे असे आणखी चार डोंगर होते. फाल्गुन संपेतो माझ्यावर घोट्याएवढी पाने साचली.

चैत्रात मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाचोळा पेटवला. नेहमीचीच रीत. ती आग माझ्यापर्यंत आली आणि थांबली नाही. पानापानांवरून, माझ्याच पाठीवरून ती वर रोपवनात चढली. कलाबाई ओल्या फांदीने आग झोडपत राहिली. पंडितने तिचा हात धरून ओढले.

"अक्का, सोडा आता! तुम्ही जळाल!"

"तीन उन्हाळा पानी पाजं मी त्यास्ले! सोड माले!"

त्याने सोडले नाही.

मित्रांनो, जाळरेषा एकदा आखली म्हणजे झाली, असे समजू नका. पाने गळतात तेव्हा तिला माणूस लागतो. तेव्हा माझ्याकडे माणसे नव्हती, आणि पुढच्या वर्षीही गाड्या दिवाळीनंतरच येतील.

पंधरवड्याने पंडित आणि कलाबाई यांनी रोपवनातले एकेक रोप जिवंत आहे का, ते नखाने खरवडून पाहिले. तपासलेली रोपे आठशे चाळीस. आत हिरवी साल असलेली अकरा.