पंख्यावरची चप्पल

पुण्याहून महाडच्या शाळेत मराठी शिकवायला आले, तेव्हा मला एकच घमेंड होती: अलंकार माझ्याइतके कुणाला कळत नाहीत.

नववीच्या सहामाहीत मी विचारलं, अतिशयोक्तीचं स्वतःचं उदाहरण लिहा. बहुतेकांनी पुस्तकातलंच ढापलं. दासगावच्या मानसीनं मात्र लिहिलं, 'आईची चप्पल पंख्यावर चढून बसली.' मी खूश. चप्पल आपणहून चढते म्हणजे चेतनगुणोक्तीही आली. दोनपैकी दोन देऊन टाकले. त्या दोन मार्कांनी ती वर्गात पहिली आली.

वर्गात वाक्य वाचून दाखवलं आणि मीच हसले. बाकी कुणी हसलं नाही.

मानसी उभी राहिली. "मॅडम, ते खरं हाय. एकवीसच्या पुरात पाणी वाशांना लागलं. उतरल्यावर आईची चप्पल पंख्याच्या पात्यावर होती."

"मग अतिशयोक्तीत कशाला लिहिलंस?"

"मुंबईचा माझा चुलतभाऊ, सुशांतदादा म्हणतो, फेकू नको. कोणालाच खरं वाटत नाय. ज्याच्यावर विश्वास बसत नाय ती अतिशयोक्ती, असं वाटलं मला."

माझी घमेंड तिथेच उतरली. शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर दासगावला गेले.

"जय भीम, मॅडम," म्हणत तिच्या आईनं, मंजुळाबाईंनी, चहा टाकला. भिंतीवर माझ्या डोक्याच्या हातभर वर, वाशांना लागूनच, पुराची मातकट रेघ होती. घराला रंग दिला, तरी तेवढी पट्टी त्यांनी मुद्दाम सोडलेली. खुंटीला पंख्यावरची ती एकच चप्पल.

"हिची जोडीदारीण समुद्र बघाया गेलीय," मंजुळाबाई म्हणाल्या. "येईल कधीतरी."

चेतनगुणोक्तीचं असलं उदाहरण मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं.

निघताना मानसीनं उत्तरपत्रिका पुढे केली. "मार्क कापा, मॅडम. पण खोटं म्हणू नका."

पहिला नंबर जाणार होता. पण उत्तर चुकलंच होतं. दोनावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'अतिशयोक्ती नाही. खरं आहे. मी स्वतः चप्पल पाहिली.' सहीही केली.

मानसीनं ते तीनदा वाचलं, एकदा आईला मोठ्यानं. पहिला नंबर गेलेली पोर इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. मग तिनं आईचा मोबाईल घेतला, त्या पानाचा फोटो काढला आणि सुशांतदादाला पाठवून दिला.