केसांइतकी चांदी

"बद्रू, खरं सांग, ही बकरी तू कशी पारखली?"

पुंजाजीनं बकरीच्या पोटाखाली हात घातला होता आणि मान तिरकी करून तो काहीतरी चाचपत होता. शेजारच्या आळीतला हा कास्तकार बद्रुद्दीनचा लहानपणापासूनचा दोस्त. बकरी शांतपणे निंबाचा पाला चघळत उभी होती.

"हात फिरवून," बद्रुद्दीन म्हणाला. "केस पाह्य कसे हायेत. पयल्या वेचणीच्या कापसावानी."

पुंजाजी खालीच बसला. हसता हसता त्याचा फेटा सुटला, तो त्यानं मांडीवर घेतला आणि पुन्हा हसला.

"अबे, गादी भरायची होती का तुले? गाभण हाये हे! तू बकरी नाई घेतली, दोन घेतल्या. तीनबी असतीन!"

बद्रुद्दीन नांदुऱ्याचा पिंजारी. खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण घेऊन दारोदार फिरायचं, अंगणात बसून त्याची तांत वाजवत लोकांच्या दबलेल्या गाद्यांचा कापूस मोकळा करायचा, हे त्याचं काम. मूठभर रुई हातात घेतली की तिचं वजन तो डोळे मिटून सांगायचा. बाजारात बकऱ्यांच्या रांगेतही त्याचा हात सवयीनं केसांवरूनच फिरला होता. भरलेलं पोट त्याला दिसलं होतं, पण ते खाऊन माजलेलं वाटलं होतं. विकणाऱ्यानं घासाघीस न करता दोर हातात दिला, तेव्हाही त्याला शंका आली नाही.

उद्या त्याच्या पहिल्या लेकीचा अकीका होता. सातव्या दिवशी बाळाचं जावळ काढायचं, तिच्या नावानं बकरी कापून सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घालायचं आणि त्या जावळाच्या भाराइतकी चांदी गरिबाला द्यायची, ही रीत. चिखलीहून सासरे रहेमतुल्ला घाट उतरून येणार होते, तेही एकटे नव्हे. अत्तराचा धंदा करणाऱ्या त्या घरानं मुलगी पिंजाऱ्याला दिली, याची बोच त्यांच्या बोलण्यात अजून होती.

"आता काय करू रे?"

"खाटकाले देऊन दुसरी घे. तो आनंदानं बदलून देईन, त्याले दोन्हीकून फायदा." पुंजाजीनं फेटा गुंडाळायला घेतला. मग थांबून म्हणाला, "नाईतर एक सांगू? मी चार लेकरांचा बाप हावो म्हून सांगतो. पोरीच्या नावानं ठेव. तिले झालेली पाट, मादी पिल्लू, अर्धलीनं दे एखाद्या बाईले. थे पोसन, झालेली अर्धी तिची, अर्धी तुयी. उद्याचं जेवन उद्याच संपते, बद्रू. हे पोरीसंग वाढन."

"अन् सासरा?"

"त्याले मीच जेवू घालतो, वरन-पोळी! खातो का पाह्य!"

घरात चांदबी सुईण बाळाला शेकत होती. बद्रुद्दीन उंबऱ्यात आला तशी ती ओरडली, "तिथंच! पहिले हात धू. केस झटक. सदरा बाहेर काढ. तुया अंगावरची रुई लेकराच्या छातीत जाईन, मंग रातभर खोकत बसन थे."

त्यानं राखेनं कोपरापर्यंत हात घासले. सहा दिवस तो लांबूनच लेकीला पाहत होता. एवढासा जीव आपल्या घट्ट्यांच्या हातात द्यायचा कोणी, अशी त्याला धास्ती होती.

"घे आता. मुंडीखाली हात ठेव. असा नाई! काय पिंजण धरून राह्यला का?"

लेक, ताहेरा, त्याच्या तळहातावर आली. डोक्यावर दाट काळं जावळ, मूठ गालाशी. सवयीनं त्याचा हात तोलू लागला. हाताला काही कळेना. रुईपेक्षा हलकी वाटली, आणि पुढच्याच क्षणी खांदा भरून आला.

"बकरी गाभण हाये," तो हळूच बायकोला म्हणाला.

सरवरी बाजेवर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत राहिली. आठवडाही झाला नव्हता तिला बाळंत होऊन.

"बदलून आना," ती म्हणाली. "नाईतर माहेरचे लोक नाव ठेवतीन."

"बदलली तं खाटिक कापनच तिले. पोटातल्यासकट."

सरवरीनं भिंतीकडे तोंड केलं. तिकडेच बघत म्हणाली, "तुमी सांगा मंग अब्बाले. मी नाई सांगनार."

दुसऱ्या दिवशी छकडे आले. रहेमतुल्लांनी नातीला पाहिलं, कानामागे अत्तराचं बोट लावलं, ओसरीत बसले आणि हवेचा वास घेतला.

"दुल्हेमियाँ, चूल तं थंडी दिसते. बकरी कुठं हाये?"

"मागं बांधली."

"बांधली? आमी पकलेली खायले आलो!"

सोबतचे हसले. बद्रुद्दीन हात जोडून उभा राहिला. "गाभण निंगाली, अब्बा. मले कळलं नाई. आता ते ताहेराची हाये. वरन-भात केला, गुळाचा शिरा केला. अकीका चौदाव्या दिवशी करतो."

"कळलं नाई? मंग दुसरी आनता आली नसती?"

"एकच आनू शकत होतो."

रहेमतुल्लांनी टोपी सारखी केली. "चला. पिंजाऱ्याच्या घरी रुई खायची वेळ आली," म्हणाले आणि पाणीही न पिता निघाले. छकड्यांच्या मागे काही पावलं बद्रुद्दीन गेला, मग वळला. शिरा त्या दिवशी पुंजाजीच्या लेकरांनी संपवला.

सरवरी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाहिलं तर तिनं आपल्या वाटची भाकर कुस्करून बकरीपुढे धरली होती.

"दोन जिवाची हाये ते," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली.

चौदावा दिवस हुकला. एकविसाव्याच्या सुमाराला बकरीच व्याली. एक पाट, एक बोकड. "हा अकीक्याचा," म्हणून बद्रुद्दीननं बोकडाच्या गळ्यात लाल चिंधी बांधली. तो ताहेराच्या दुखण्यात विकला गेला. पुढच्या वेतातला बोकड तिच्या पाटी-पुस्तकात, त्याच्या पुढचा मिडल शाळेच्या वर्षात. बकरीच्या पाटी, त्यांच्या पाटी अर्धलीनं आळीभर पसरल्या. ताहेरा शाळेतून आली की त्यांना नावानं हाका मारायची. लाल चिंधी मात्र कोनाड्यात तशीच राहिली, आणि ताहेराचं जावळही कधी उतरलं नाही. रहेमतुल्ला रुसवा सोडून ईदेला यायला लागले, आणि दर वेळी तेच विचारायचे, "दुल्हेमियाँ, अकीका?" हळूहळू त्यातली बोच गेली, नुसती चेष्टा उरली.

बद्रुद्दीन दारी आला की आधी हात धुवायचा, केस झटकायचा, सदरा बाहेर टांगायचा. लेक मोठी झाली तरी हे चुकलं नाही. तिच्या छातीत रुई जाऊ नये हे चांदबीनं त्याला सांगितलं होतं. त्याच्या छातीचं कोणी सांगितलं नव्हतं.

ताहेरा मास्तरीण व्हायच्या शिक्षणाला अमरावतीला निघाली, तेव्हा त्या बकरीच्या वंशातल्या शेवटच्या दोघी विकल्या गेल्या. नांदुऱ्याच्या स्टेशनात सरवरी डब्याच्या खिडकीशी पोळ्यांचं गाठोडं पुन्हा पुन्हा आवळत होती. बद्रुद्दीन खोकला आला की पाठ करून खांबाकडे जायचा आणि तोंड पुसून परत यायचा.

"दवाखान्यात जासान ना, अब्बा?"

"हाव, हाव. तू तिथं गार पानी नको पिऊ."

ती चढण्यासाठी वळली. कमरेखाली उतरलेली तिची वेणी त्याच्यासमोर आली. त्यानं ती तळहातावर घेतली आणि डोळे मिटले.

"काय करता, अब्बा?"

"तोलून राह्यलो."

"किती भरली?"

"लय," तो म्हणाला. "आता येवढी चांदी कुठून आनू, बेटा?"

ताहेरा हसली. हसतच चढली, आणि मग बराच वेळ तिनं खिडकीतून तोंड काढलं नाही. काढलं तेव्हा गाडी हलली होती. वेणीच्या पेडात रुईचा एक तंतू अडकलेला त्याला दिसला. कामावरून थेट स्टेशनात आल्यानं हात धुवायचे आज राहूनच गेले होते. तो सांगायला पुढे झाला, पण खोकला आडवा आला.

गाडी दिसेनाशी झाली. सरवरीनं दोनदा हाक मारली. बद्रुद्दीन फलाटावर तसाच उभा होता. त्याचा उजवा तळहात अजून पुढे होता, किंचित खाली झुकलेला, भार असल्यासारखा.