अंगठ्याचा हट्ट

२०१८च्या पोलीस भरतीची तयारी माझ्या धाकट्या बहिणीची, जयवंतीची, पण जीव खाल्ला तो तिच्या पायाच्या अंगठ्याने आम्हा सगळ्यांचा. अंगठ्याला हात लावायला वाकली की तिचे हात नडगीच्या मध्यावरच थांबायचे. आमची आई भाताच्या आवणीला दिवसभर गुडघे न मोडता वाकते, तळवे चिखलात. "आईला जमतं, मला का नाही? माझं अंगच कडक. मी बाद होणार," हे रडगाणं रोजचं.

त्यात चुलतभाऊ मिथुन तिचा गुरू झाला. जगातलं सगळं ज्ञान त्याच्या फोनमध्ये. "दुखलं म्हणजे शीर सैल होतेय, समज," म्हणायचा आणि ती अंथरुणातून उठते न उठते तोच गार अंगाने तिला वाकवून पाठीवर दोन्ही हातांनी दाबायचा. मी ओरडले तर म्हणे, "ताई, तुला यातलं काय कळतं?"

शेवटी व्हायचं तेच झालं. एका सकाळी तो दाबत असतानाच मांडीच्या मागे कळ आली आणि जयवंती अंगणातच बसली. भरती महिन्यावर आलेली. "गेलं सगळं," म्हणाली आणि तोंड फिरवलं. मिथुन तेवढ्यात कुठे पसार झाला, देव जाणे.

मी तिला जीपमध्ये बसवलं, चारोटीला दुसरी जीप धरली आणि डहाणू रोडला फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेलं. वाटभर मला मिथुनचा राग येत होता.

मॅडमनी पाय उचलून, दाबून बघितला. "फाटलं काही नाही, ताण बसलाय. थोडे दिवस पळू नको, चालत राहा. भरतीला पळशील."

माझा जीव भांड्यात पडला. जयवंतीचा मात्र अंगठा सुटेना. "पण मॅडम, माझा हात अंगठ्याला लागतच नाय."

"भरतीत अंगठ्याला हात लावायला सांगतात?"

"नाय. पळायला सांगतात. गोळा फेकायला."

"मग त्याच्या मागे का लागलीस? कुणाचं अंग जास्त वाकतं, कुणाचं कमी. पळायच्या आधी भरभर चाल, हळू पळ, अंग तापू दे. ताणायचं ते नंतर, हलकं. आणि दुखलं की थांबायचं. दुखणं म्हणजे सैल होणं नाही."

जयवंती डोळे पुसत हसायला लागली. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी वाकते ती भातासाठी. मला पळायला लावलंस तर बांधापर्यंत पण नाय पोचायची."

भरतीच्या दिवशी मी मैदानाच्या तारेबाहेर उभी होते. मांडी पुन्हा धरली तर, या धास्तीने मी तार सोडतच नव्हते. ती पळाली. पाय न ओढता, शेवटपर्यंत, पुढच्या दोघींना मागे टाकून. रेघ ओलांडली आणि दम खायला वाकली. हात गुडघ्यांवर टेकले आणि तिथेच राहिले. तशीच वाकलेली, मान वर करून तिने मला शोधलं आणि हसली. मला रडूच फुटलं.