प्रश्न काढेल त्याचं उत्तर पहिलं

चष्मेवाल्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द कुणी ऐकला नव्हता. गिऱ्हाइकाने विचारलं, "संध्याकाळपर्यंत मिळेल का?" की तो म्हणे, "हो, या की." आणि संध्याकाळी भिंगं अजून घासायचीच असत. माणूस लबाड मुळीच नव्हता. समोरच्याचा पडलेला चेहरा त्याला बघवत नसे, इतकंच. आणि उद्या पडणारा चेहरा आज कुणाला दिसतो? त्याची बायको होती तोवर म्हणायची, याचा होकार म्हणजे ढगाळ दिवशी घातलेलं वाळवण, वाळलं तर वाळलं.

पण शुक्रवारच्या पानात तो कधी चुकला नाही. चर्चच्या मागच्या खोलीत दर शुक्रवारी संध्याकाळी सात-आठ जण जमत. येत्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधली जी वाचनं व्हायची असत, प्रेषिताचं एखादं पत्र आणि शुभवर्तमानातली येशूची एखादी गोष्ट, ती आधीच वाचून त्यांवर बोलत. बोलायला धागा हवा म्हणून चार प्रश्नांचं एक पान लागे, आणि ते काढण्याचं काम फादरांनी बारा-तेरा वर्षांपूर्वी चष्मेवाल्याच्या गळ्यात घातलं. तो अर्थातच 'हो' म्हणाला. नवल म्हणजे हे एक 'हो' त्याने निभावलं. प्रश्न विचारणं हा त्याचा धंदाच होता ना. दिवसभर माणसांना खुर्चीत बसवून, डोळ्यांपुढची भिंगं बदलत तो विचारायचा, "हे बरं दिसतं, की हे?" तिथे कुणी नापास होत नाही. ज्याचा डोळा त्याचं उत्तर. पानावरचे प्रश्नही तसेच असत. 'तुमच्या घरात कुणाचं बोलणं नेहमी मध्येच तोडलं जातं?' असा एक प्रश्न निघाला होता, तेव्हा बेकरीवाला अर्धा तास गप्प बसला आणि त्याची बायको अर्धा तास बोलत राहिली.

खोलीत नियम एकच होता, आणि तो चष्मेवाल्यानेच घातला होता. प्रश्न काढेल त्याने आधी स्वतः उत्तर द्यायचं. लोकांना परीक्षेला बसल्यासारखं वाटू नये, हा हेतू. हेतू चांगलाच होता, पण तो नियम आता त्याच्याच अंगाशी आला.

त्याचं असं झालं. मिस्सेतली वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात. या रविवारी जे वाचलं तेच तीन वर्षांनी पुन्हा समोर उभं राहतं. एवढ्या वर्षांचं कुणाच्या लक्षात राहणार? पण त्या खोलीत रेकॉर्डबाई होत्या. तीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये काढलेली ही बाई. कागद टाकून देणं त्यांना पाहुण्याला हाकलून देण्यासारखं वाटे. चष्मेवाल्याचं प्रत्येक पान त्यांनी भोकं पाडून, तारखेने फायलीला लावून ठेवलं होतं.

त्या शुक्रवारी त्याने पुढच्या आठवड्याचं पान वाटलं. मंडळी खुर्च्या सरकवून उठली. रेकॉर्डबाई मात्र बसूनच राहिल्या, आणि खोली रिकामी झाल्यावर त्यांनी पिशवीतून चार जुनी पानं काढून टेबलावर ओळीने मांडली.

"चष्मेवाले, जरा बसा. पुढच्या रविवारचं वाचन दोन मुलांचं आहे ना?"

"हो."

गोष्ट छोटीशीच. बाप एका मुलाला म्हणतो, जा, आज मळ्यात काम कर. मुलगा तोंडावर 'नाही' म्हणतो, पण मग त्याच्या मनाला लागतं आणि तो जातो. बाप दुसऱ्याला तेच सांगतो. तो म्हणतो, हो बाबा, हा निघालोच. आणि जात नाही. दोघांतल्या कुणी बापाचं ऐकलं?

"बारा वर्षांपूर्वी तुम्ही चारही प्रश्न या गोष्टीवर काढले होते," रेकॉर्डबाई एकेका पानावर बोट ठेवत म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी चारही त्या दिवशीच्या पत्राच्या वाचनावर. सहा वर्षांपूर्वी पत्रावर. तीन वर्षांपूर्वीही. आजचंही पत्रावरच. एरवी तुमचं प्रत्येक पान शुभवर्तमानावरच असतं. मी काल सगळ्या फायली चाळल्या."

"योगायोग असेल."

"एकदा असेल. चारदा झालं की आमच्या कचेरीत त्याची नोंद व्हायची." त्यांनी पानं गोळा केली. आवाजात खवचटपणा नव्हता, आणि त्यामुळे पळायला वाटही नव्हती. "मला काही सांगू नका. पण पान बदलून द्याल का?"

"हो, देतो की," चष्मेवाला म्हणाला. जित्याची खोड.

घरी जाताना त्याला बाईंचा राग आला, मग स्वतःचा आला, मग दोन्ही ओसरले आणि ताई तेवढी उरली.

ताई त्याची थोरली बहीण. बसने तीन तासांवर राहायची, एकटी. अकरा वर्षांपूर्वी गावच्या घरी एकटी राहणारी आई न्हाणीघरात पडली आणि अंथरुणाला खिळली. तेव्हा धावत तिच्याकडे गेलेल्या ताईने तिथूनच फोनवर साफ सांगितलं होतं, "मी तिला माझ्याकडे नेणार नाही. माझी नोकरी आहे, दोन खोल्या आहेत, मला नाही जमायचं." तो म्हणाला होता, "तू काळजी करू नकोस, मी बघतो." दुसऱ्या दिवशी ताईच गाडी करून आईला घेऊन गेली. त्याने बघायचं ते राहूनच गेलं. त्यानंतर चौदा महिने आई ताईकडे होती. दर आठवड्याला ताईचा फोन येई, "शनिवारी ये, आई वाट बघते." तो म्हणे, "हो, येतो." चौदा महिन्यांत दोनदा गेला. आई बुधवारी गेली आणि तो गुरुवारी पोचला. त्या आठवड्यातही शनिवारी येतो म्हणून सांगून ठेवलेलंच होतं.

ताईने यावरून कधी एक शब्द काढला नाही. फक्त पुन्हा कधी 'ये' म्हणाली नाही.

सोमवारी दुकान बंद करून तो कागद घेऊन बसला. पहिला प्रश्न पटकन उतरला: 'हो म्हणून तुम्ही कुठे गेला नाहीत?' खाली खोलीतला तो नियम, आणि त्याप्रमाणे स्वतःचं उत्तर. तेही लिहून झालं, पाऊण पान. मग त्याने ते खोलीत वाचून दाखवल्याचं मनाशी चित्र रंगवलं. बेकरीवाला मान हलवेल. त्याची बायको डोळे पुसेल. फादर म्हणतील, फार प्रामाणिक बोललात. आणि आपल्याला बरं वाटेल. हे 'बरं वाटेल' त्याच्या घशाखाली उतरेना. ज्या माणसाला उत्तर द्यायचं ते माणूस त्या खोलीत नव्हतंच.

मंगळवारी दुकानाची सुटी. सकाळी त्याने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. फोन केला की आपण 'येतो' म्हणणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. न सांगताच तो बसमध्ये बसला.

ताईला दार उघडायला वेळ लागला. आतून पाय ओढल्याचा आवाज, मग कडी. त्याला बघून तिचा चेहराच उतरला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं. सहज आलो."

"तू सहज येत नाहीस, छोट्या." अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारी जगात आता ती एकटीच होती. "ये आत. चप्पल तिथेच काढ, फरशी आत्ताच पुसलीय."

तिने चहा टाकला. गुडघा धरून, ओट्याला टेकून उभी राहिली. त्याने खिशातला कागद काढून पुढे केला. बोलायला गेला असता तर तो पुन्हा काहीतरी गोड बोलून बसला असता. ताईने चष्मा लावला. डाव्या भिंगावर आडवा ओरखडा होता, काडीला दोरा गुंडाळलेला. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या जागी 'नवा करून पाठवतो' म्हणून त्याने सांगितलं होतं, तो हाच चष्मा. हात लांब करून, मान मागे नेऊन ती वाचत होती, आणि त्याला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि येऊन खुर्चीवर बसली.

"हे तू तिथे सगळ्यांपुढे वाचणार?"

"आधी तुला द्यायचं होतं. ताई, मी चुकलो. तेव्हाच यायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. उगाच 'जाऊ दे' वगैरे म्हणाली नाही. "दर शनिवारी मला तुझा इतका राग यायचा, की बसचा आवाज आला तरी मी खिडकी लावून घ्यायची. पण खरं सांगू? शुक्रवारपर्यंत आई खूश असायची. छोट्या येणार म्हणून माझ्याकडून नखं कापून घ्यायची, केस विंचरून घ्यायची. शनिवारी दुपारी म्हणायची, दुकानात गर्दी असेल."

चष्मेवाल्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही.

"आता माझं ऐक," ताई म्हणाली. "तुला वाटतं मी 'नाही' म्हणाले ते तुला. फोनवर. त्याच्या आधी मला आईनेच विचारलं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या, माझा हात धरून. मला तुझ्याकडे ने म्हणाली. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, मला नाही जमायचं. दुसऱ्या दिवशी नेलं मी तिला, चौदा महिने सगळं केलं. पण त्या चौदा महिन्यांत ती पाणी मागतानासुद्धा म्हणायची, तुला जमत असेल तर दे. टोमणा नव्हता तो. खरंच विचारायची." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तुमच्या गोष्टीत पहिला मुलगा चांगला ठरतो ना? पण बापाने त्याचं 'नाही' ऐकलं होतं. मुलगा मळ्यात पोचेपर्यंत त्या बापाला काय वाटलं असेल, हे कुणी विचारलं का तुमच्या त्या खोलीत?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला. इतकं सरळ 'नाही' त्याने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं.

त्याने पेन काढलं आणि पहिल्या प्रश्नाखाली दुसरा लिहिला: 'नाही म्हणून गेलात तेव्हा, ते नाही कुणी ऐकलं होतं?'

"याचं उत्तर कोण देणार?" ताईने विचारलं. नियम तिला कागदावरूनच कळला होता.

"प्रश्न तुझा आहे."

"मग दिलं की मी. आत्ताच दिलं." आणि तिने पदराने नाक पुसलं.

अर्धा उरलेला चहा दोघांनी वाटून घेतला. त्याने तिचा चष्मा हातात घेऊन काडी बघितली, भिंग उजेडाकडे धरलं, तिला खिडकीशी उभं करून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. तेव्हा ती सहज बोलल्यासारखं बोलली की पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पंधरा दिवस घरात कुणीतरी लागेल. शेजारणीला विचारलंय, तीही दोनच दिवस मोकळी आहे.

"मला नाही विचारलंस."

"तुला विचारून काय उपयोग? तू 'हो' म्हणशील."

चष्मेवाल्याने चष्मा पुसून तिच्या हातात दिला.

"विचारून तर बघ," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे बघितलं. आई गेल्यापासून तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता शब्द तोंडातून काढणं तिला जडच गेलं.

"येशील, छोट्या? पंधरा दिवस?"

"नाही," तो म्हणाला. "दुकान आहे. मला नाही जमायचं."

मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि ती हसायला लागली. गुडघा दुखेपर्यंत, दोन्ही हातांनी तो धरून हसली. हसू आवरल्यावर ती लंगडत आतल्या खोलीत गेली, कपाटाच्या वरच्या फळीवरची दुसरी उशी ओढून काढली आणि खिडकीत उन्हात ठेवली.