मधलं सलाइन

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, उचगावातल्या एका दवाखान्यात, अक्काताई चौगुले यांच्या खालच्या उजव्या दाढेचा रूट कॅनल पुन्हा उघडण्यात आला. आधीचे काम अकरा महिन्यांपूर्वीचे. तेही याच खुर्चीवर, याच डॉक्टरांच्या हातचे.

एक्स-रेत दाढेखालच्या हाडात चार मिलिमीटरची काळी सावली दिसत होती. हिरडीवर पुवाची पुळी होती. अक्काताई अडुसष्ट वर्षांच्या. चावायच्या कामाची ही एकच दाढ उरलेली. ती गेली तर कवळीची तार अडकवायलाही काही राहणार नाही, हे डॉ. संयोगिता यांनी त्यांना आधीच सांगितले होते.

"ऱ्हाईल का न्हाई, एवढंच सांग बाई," अक्काताई म्हणाल्या. "बाकीचं इंग्रजी नगं."

"बघून सांगते, अक्का. आ करा."

बाहेरच्या बाकावरून त्यांचे यजमान नेमगोंडा म्हणाले, "आ कर म्हणायची गरज न्हाय डॉक्टर. ते मिटतंय कवा?"

"तुमची कवळी सांभाळा की! परवा भाकरीत ऱ्हायल्याली," अक्काताईंनी आतून ऐकवले. मदतनीस झुंबरबाई तोंडाला रुमाल लावून हसल्या.

दाढेच्या मुळातल्या नळीत भरलेला मसाला खरवडावा लागेल असे डॉक्टरांना वाटले होते. तो एका ओढीत अख्खा निघाला. भिंतीला चिकटलेलाच नव्हता. भिंगातून पाहिले तर भिंतीवर तपकिरी थर होता. डॉक्टरांनी हात थांबवला आणि जुना केसपेपर मागितला.

नळी भरण्यापूर्वी ती शेवटची धुतात. आधी हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचसारखे जंतुनाशक; मग सलाइन; नळी टिपून कोरडी केली की क्लोरहेक्सिडीन, हे दुसरे जंतुनाशक. मधले सलाइन वगळले तर दोन्ही औषधे नळीतच एकमेकांत मिसळतात आणि तपकिरी साका भिंतीवर बसतो. त्यावर मसाला नीट धरत नाही. फट राहते आणि फटीतून जंतू आत जातात.

केसपेपरवर सलाइनची जागा कोरी होती.

अकरा महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ झुंबरबाईंना आठवत होती. जैनांचे दशलक्षण पर्व चालू होते. अक्काताईंचे एकाशन होते, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, तेही सूर्यास्ताच्या आत. नंतर पाणीसुद्धा नाही. तीनची वेळ दिली होती, पण वीज गेल्याने काम पाचला सुरू झाले. सहा वाजून पाच मिनिटांनी अक्काताईंनी डॉक्टरांचे मनगट धरले होते. "दिवस बुडाया आला. सोड मला." सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हते. झुंबरबाईंनी सलाइनची सिरिंज पुढे केली. डॉक्टरांनी मान हलवून तिच्या पुढची, क्लोरहेक्सिडीनची उचलली. नळी टिपायची कागदी वात तपकिरी होऊन बाहेर आली.

"मॅडम, रंग बघा."

"टिपून घेते," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी नळी भरली.

हेच एकमेव कारण, असे खात्रीने म्हणता येत नाही. दाढेवरची कॅपही पाच आठवडे उशिरा बसली होती. तरी डॉक्टरांनी नेमगोंडांना आत बोलावले आणि दोघांना सगळे सांगितले.

"म्हंजे माझ्या जेवणापायी झालं," अक्काताई म्हणाल्या.

"नाही अक्का. तुम्ही घाई केलीत, पण थांबायला मी हवं होतं. चूक माझी."

"किती येळ लागतोय त्या सलाइनला?" नेमगोंडांनी विचारले.

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," नेमगोंडा म्हणाले.

अक्काताईंनी गळ्यातल्या कागदी टॉवेलने ओठ पुसले. "त्या दिशी मी जेवली न्हाईच बाई. रस्त्यात खताचा ट्रॅक्टर आडवा झालता. घरी पोचलो तवा दिवं लागल्यालं. ताट झाकून ठिवलं सुनंनं. दुसऱ्या दिशीच खाल्लं."

झुंबरबाईंनी ट्रे उचलला आणि बेसिनकडे गेल्या.

त्या दिवशी नळी नव्याने खरवडून धुण्यात आली. सलाइन दोनदा वापरले गेले. आत पांढरे औषध ठेवून वर तात्पुरते सिमेंट भरले आणि तीन आठवड्यांनी बोलावले. आठवड्याभरात पुळी सुकली. अक्काताईंनी फोन करून कळवले, "भात खाल्ला त्या बाजूनं. दुखलं न्हाय." डॉक्टरांनी त्या बाजूने चावू नका म्हणून बजावले.

ठरल्या मंगळवारी पुन्हा एक्स-रे काढला. सावली आता पाच मिलिमीटरची दिसली. फिल्मचा कोन थोडा वेगळा होता, त्यामुळे एक मिलिमीटरचा फरक खरा की भासाचा, हे डॉक्टरांना ठरवता आले नाही. त्यांनी दोन्ही फिल्म कोल्हापुरातल्या एका दंतशल्यचिकित्सकांकडे पाठवल्या आणि एकच विचारले: दाढ ठेवावी की काढावी?

गुरुवारी दुपारी एकपर्यंत उत्तर आले नव्हते. अक्काताईंचा फोन दोनदा येऊन गेला होता.