फळ्याची चीर

विज्ञानाच्या बाई धापा टाकत टेकडीवरच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिरल्या आणि आधी बसायला जागा शोधू लागल्या. इथली स्टुलंसुद्धा गादीची. ही शाळाही सरकारी आणि बाईंचीही सरकारीच. पण ज्या वस्तीचा जेवढा कर, तेवढाच तिथल्या शाळेला पैसा, असा कायदा. टेकडीवर बंगले, म्हणून सूक्ष्मदर्शकही टेकडीवर. बाईंच्या वाट्याला फुटका फळा आणि रंगीत खडू. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रात्यक्षिक परीक्षेला मात्र सगळ्यांनी इथेच यायचं. त्यात नापास झालं की विज्ञान शाखेला प्रवेश नाही. बाईंचा जीव अडकला होता तो त्यांच्या वर्गातल्या चिमणीत. एवढीशी पोर, पण नर्स व्हायचंय म्हणून घरादाराचं डोकं खायची.

परीक्षकांनी चिमणीचा कागद उचलला. "कांद्याची पेशी सुरेख काढलीस. पण ही आडवी रेघ कसली?"

"पेशीत असतेच ती," चिमणी ठामपणे म्हणाली.

परीक्षक सूक्ष्मदर्शकावर वाकले. "अगं, याचा दिवाच लावलेला नाही! तुला दिसलं काय?"

"काळोख," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मलाच दिसत नाहीये. म्हणून मग बाईंनी शिकवलेली काढली."

ती रेघ बाईंनी केव्हाच ओळखली होती. फळ्याला पडलेली चीर ती. नवा फळा मागून मागून त्यांची जीभ झिजली, शेवटी त्या चिरेवरूनच पेशी काढत राहिल्या. चीर फळ्याची आहे, पेशीची नाही, हे मुलांना सांगायचं मात्र कधी सुचलंच नाही.

"साहेब, चूक माझी आहे. तिला एकदा दिवा लावून बघू द्या."

"बघू दे की. पण गुण नाही देता येणार, बाई. न बघता काढलंय." परीक्षक माणूस वाईट नव्हता. आणि भांडायचं त्राण बाईंमध्ये उरलं नव्हतं.

चिमणीने दिवा लावून डोळा टेकवला आणि गुणबिण विसरून हरखलीच. "अगंबाई! बाई, यात रेघच नाहीये! थांबा, बाकीच्यांना सांगते."

"परीक्षा चालू आहे," परीक्षक म्हणाले. "बोलायचं नाही."

बाईंनी मान वर केली. प्रत्येक टेबलाशी त्यांची मुलं मन लावून पेशी काढत होती, आणि प्रत्येक जण ती रेघ शेवटी जराशी खाली वळवत होता, फळ्यावर वळते तशी.